चिक चॉकलेट : हळदोण्याचा ट्रंपेट आणि गाण्याचा कर्ता

हरिहरेश्वरात येऊन मी ज्ञानेश्वरीवर बोलेन किंवा निदान शंकराचार्यांवर तरी बोलेन, अशी काही जणांची अपेक्षा असणार. विषय जाहीर झाल्यावर एकांनी मला फोन करून विचारलंही, की सर, ट्रंपेट म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये असतो तोच ना? हो, तोच. आणि माझं निम्मं व्याख्यान त्या प्रश्नातच आलं, असं म्हटलं तरी चालेल.

वाद्यापासून सुरुवात करू. आपल्याकडे वाद्यांचे चार वर्ग सांगितलेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. सुषिर म्हणजे फुंकून वाजवायची. त्यातही सनई वेगळी आणि तुतारी वेगळी. सनईत पत्ती असते, फुंकर पडली की ती पत्ती थरथरते. तुतारीत, शिंगात आणि शंखात पत्ती नसते. थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. ज्यांनी कधी शंख वाजवायचा प्रयत्न केलाय त्यांना हे माहीत आहे. नुसती हवा सोडून काही होत नाही, ओठ आवळून त्यांचीच पत्ती करावी लागते. ट्रंपेट हा या दुसऱ्या घराण्यातला, म्हणजे तुतारीचा भाऊ. फरक एवढाच, की त्याला तीन खटके असतात. खटका दाबला की नळीची लांबी वाढते आणि स्वर खाली येतो. तीन खटके आणि ओठांचा ताण एवढ्या भांडवलावर सगळे स्वर काढायचे. ओठ थकले की वादक थकला, दुसरं काही तिथे मदतीला येत नाही.

आता माणसाकडे येतो. आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी. मृत्यू मे १९६७, मुंबईत. जगाला माहीत असलेलं नाव : चिक चॉकलेट. घरात आई लाडाने ‘चिको’ म्हणायची, म्हणजे छोटा, आपण ‘बाळ्या’ म्हणतो तसं. त्या चिकोचं झालं चिक. पोराने मेकॅनिक व्हावं, हाताला काम असावं, चार पैसे नियमित यावेत, ही आईची इच्छा. त्यात चूक काहीच नव्हतं. वाजवणाऱ्याच्या घरात चूल कधी पेटेल हे सांगता येत नाही, हे कोकणातल्या आयांना काय किंवा गोव्यातल्या आयांना काय, चांगलं ठाऊक असतं.

पण गोव्यात एक गोष्ट होती जी आपल्याकडे नव्हती. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून पॅरिश शाळा होत्या. तिथे मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारा गुरुजी, मुलांना सोल्फेज घोटून घ्यायचा. कागदावरचा स्वर बघायचा आणि गळ्यातून काढायचा. मग व्हायोलिन. हेतू काय, तर रविवारच्या मिस्साला गाणारे-वाजवणारे मिळावेत. मुलं शेतकऱ्यांची, रेंदेरांची, खलाशांची. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता यायची. धर्मप्रसारासाठी उभी केलेली एक व्यवस्था तीनचारशे वर्षांनी हिंदी सिनेमाच्या कामाला आली, हे त्या पाद्र्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. इतिहासात हेतू आणि परिणाम यांची फारकत किती होते याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

ही मंडळी मग मुंबईला जायची. इथून प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरून खडकांवर उभं राहिलं की समोर जो समुद्र दिसतो, मुंबई-गोवा बोटी याच समुद्रातून जायच्या. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे त्या त्या गावच्या लोकांनी चालवलेलं क्लबवजा बिऱ्हाड. भिंतीला टेकवलेल्या पेट्या, मधे चटई, कोपऱ्यात देव्हारा. गिरणगावातल्या आपल्या गाळ्यांचीच ही बहीण म्हणा. तिथे राहून कुणी बोटीवर जागा शोधायचा, कुणी हॉटेलात खानसामा व्हायचा, कुणी सिनेमाघरात वाजवायचा.

१९३५ साली मुंबईत एक घटना घडली. लिऑन ॲबी नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ नावाचे ट्रंपेटवादक आले (नाव क्रिकेट, पण बॅटशी संबंध नाही), टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. अमेरिकेत ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हतं ते इथे ताजच्या नाचघरात मुख्य आकर्षण होते. समोर नाचणारे कोण? गोरे साहेब, संस्थानिक, श्रीमंत पारशी. सामान्य हिंदी माणूस दाराबाहेर. म्हणजे ही काही स्वर्गातली समता नव्हती. पण या मंडळींनी गोव्याच्या वादकांना आपल्या शेजारी बसवलं आणि कागदावर न लिहिता येणारी गोष्ट शिकवली : लय कुठे मागे ओढायची, स्वर कुठे मळवायचा, कागद बाजूला ठेवून कसं वाजवायचं. वेदरफर्ड इथलेच होऊन गेले. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले.

या हवेत चिक मोठा झाला. त्याचा देव होता लुई आर्मस्ट्राँग. रेकॉर्ड लावायची, ऐकायची, तसंच वाजवायचं. नुसतं वाजवणं नव्हे. तो घोगरा आवाज, हातातला पांढरा रुमाल, सगळंच. लोक त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. १९४५मध्ये त्याच्या ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ या अकरा जणांच्या ताफ्याने बाकीच्या बँडना मागे टाकून ग्रीन्स हॉटेलचा करार मिळवला. हे ग्रीन्स म्हणजे ताजच्या शेजारचं हॉटेल, आज ताजचा नवा मनोरा उभा आहे त्या जागेवरचं. पुढे तो ताजमध्येही वाजवू लागला.

इथे जरा थांबू या. ‘भारताचा अमुक’ ही पदवी मला नेहमी संशयास्पद वाटते. तिच्यात कौतुक असतं आणि ‘तू दुसरा आहेस’ हेही असतं. चिक नक्कल करत होता का? होता. पण नक्कल या शब्दाकडे आपण नीट बघत नाही. शिष्य गुरूसमोर बसून वीस वर्षं गुरूसारखं गायला शिकतो तेव्हा आपण त्याला तालीम म्हणतो. कुमार गंधर्व सात-आठ वर्षांचे असताना थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तशाच गायचे. लोक थक्क व्हायचे. त्या मुलाला कुणी नकलाकार म्हटलं नाही, ‘गंधर्व’ म्हटलं. आणि पुढे त्या माणसाने काय केलं ते सांगायला नको. चिकसमोर गुरू नव्हता. गुरू शिकागो-न्यूयॉर्कमध्ये होता, मध्ये दोन समुद्र होते, आणि हाताशी फक्त लाखेची एक तबकडी. तिच्यासमोर बसून घेतली ती तालीम नव्हे, असं कोण म्हणेल? मला तर ते एकलव्याच्या जवळचं वाटतं. फक्त इथे अंगठा मागणारा गुरू नव्हता. अंगठा दुसऱ्याच कुणी तरी घेतला, त्याकडे मी येतोच आहे.

स्वातंत्र्य आलं. गोरे साहेब गेले, संस्थानिकांची नाचगाणी आटली आणि १९५०मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. मोरारजीभाईंच्या त्या धोरणाची नैतिक बाजू काहीही असो, हॉटेलांच्या नाचघरांवर त्याचा परिणाम झाला. दारू नाही तिथे रात्री नाचायला किती जण येणार? वाजवणाऱ्यांना दुसरीकडे पोट भरावं लागलं. फाळणीनंतर लाहोरसारख्या शहरांतल्या हॉटेलांत वाजवणारे गोमंतकीयही मुंबईला आले होते. पुढे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या वाद्यमेळाची बांधणी ज्यांनी केली ते सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. आणि नेमक्या त्याच वेळी हिंदी सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवा होता. मागणी आणि पुरवठा एका गल्लीत भेटले म्हणा.

आता आपला माणूस येतो. रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबं, चांगदेवांचं पुणतांबं. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायचे. हे सी. रामचंद्र. आणि त्यांचे मित्र भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. एक पुणतांब्याचा, एक गिरणगावचा, आणि तिसरा हळदोण्याचा ट्रंपेटवादक. या तिघांनी मिळून १९५१मध्ये ‘अलबेला’त जे केलं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. ‘शोला जो भडके’ माहीत नाही असं या मांडवात कुणी असेल तर त्यांनी हात वर करावा. बघा, एकही नाही. ‘दीवाना ये परवाना’मध्ये तर चिक आणि त्याचा बँड झालरीचे क्यूबन पद्धतीचे कपडे घालून पडद्यावरच आहे.

चिक हा सी. रामचंद्रांचा सहाय्यक होता. ‘सहाय्यक’ या शब्दाने आपल्याला वाटतं, पेटी उचलणारा, चहा सांगणारा. काम काय होतं ते सांगतो. संगीतकार पेटीवर बसून चाल म्हणतो. आपलं संगीत एकरेषीय आहे : एक स्वर, त्यानंतर दुसरा. पण समोर बसलेत चाळीस वादक. त्यांतले बरेच जण कागद वाचून वाजवणारे. त्यांना पेटीवरची चाल ऐकवून भागत नाही. प्रत्येकाला त्याचा कागद हवा. व्हायोलिनवाल्यांनी काय वाजवायचं, क्लॅरिनेटने कुठे शिरायचं, बोंगोने कुठली लय धरायची, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय भरायचं. शिवाय ट्रंपेटची स्वतःची एक खोड आहे. त्याच्या कागदावरच्या ‘सी’ला प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खालचा ‘बी फ्लॅट’ वाजतो. म्हणून त्याचा कागद बाकीच्यांपेक्षा एक स्वर वर चढवून लिहावा लागतो. हे सगळं तासा-दोन तासांत, स्टुडिओच्या कोपऱ्यात, गुडघ्यावर कागद ठेवून करायचं. मग उठून स्वतः ट्रंपेटही वाजवायचा.

१९४७च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान’, १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’, १९५७च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ : या वाटेवरचे हे मैलाचे दगड. ‘गोरे गोरे’ची चाल एका लॅटिन ढंगाच्या इंग्रजी गाण्यावरून आलेली आहे हे लपलेलं नाही. ‘ईना मीना’बद्दल असं सांगतात, की खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या सुटायच्या गाण्यावरून बोल सुचले, आणि जॉन गोम्स या गोमंतकीय सहाय्यकाने त्यात कोकणीतलं ‘मला नको’ घातलं. मालवणकडच्या माणसाला ते गाणं ऐकताना एका जागी हसू येतं ते म्हणून.

चिकने स्वतः संगीतकार म्हणूनही नाव लावून पाहिलं. ‘नादान’, ‘रंगीली’, ‘कर भला’ असे सिनेमे केले. चालले नाहीत. मदनमोहनांबरोबरही त्याने काम केलं. पण त्याची ओळख राहिली ती सहाय्यकाचीच, आणि रात्री हॉटेलात ट्रंपेट वाजवणाऱ्याची. एकाच दिवसात दोन माणसं जगायची : दिवसा स्टुडिओत दुसऱ्याच्या चालीचे कागद लिहिणारा, रात्री दिव्यांखाली रुमालाने घाम पुसत स्वतःच्या नावावर वाजवणारा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गेला.

त्याच काळातले दुसरे एक ट्रंपेटवादक होते फ्रँक फर्नांड, कुडचड्याचे. १९४६ साली मसुरीत त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि त्यानंतर जॅझ वाजवताना आपलं काही त्यात आणता येईल का असा विचार ते करू लागले. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी सिनेमे काढले. म्हणजे ‘आपलं’ काय, हा प्रश्न या लोकांना पडत नव्हता असं कुणी समजू नये. त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त पडत होता, कारण गोवा १९६१पर्यंत पोर्तुगालकडे होता आणि मुंबईत ते एका अर्थी परके होते.

आता तो अंगठा.

१९५७ साली आपला कॉपीराइट कायदा झाला. त्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या काय केली होती? स्वररचना किंवा स्वरमेळ, जो छापलेला आहे, लिहून काढलेला आहे किंवा अन्य चित्ररूपाने उतरवलेला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी संगीत कुठे असतं? कागदावर. गळ्यात नाही, ओठांत नाही, तबकडीवरही नाही. ज्या देशात भीमसेनजी, किशोरीताई गात होत्या, तिथे कायदा म्हणतो संगीत म्हणजे लिहिलेला कागद! १९७७ साली हे प्रकरण वेगळ्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. निर्माते विरुद्ध संगीतकार-गीतकारांची संस्था असा तो खटला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून खंत व्यक्त केली, की गाणाऱ्याच्या आवाजाला, वाजवणाऱ्याच्या कलेला हा कायदा ओळखतच नाही. ते टिपण मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवत असे. विद्यार्थ्यांना वाटायचं सर कायद्याच्या वर्गात चुकून शिरलेत. पण प्रश्न अगदी मुळातला आहे. गाणं नावाची वस्तू असते कुठे?

आणि या व्याख्येतली गंमत बघा. गंमत कसली, क्रूर थट्टाच. गाणं कागदावर असतं असं मानलं, तर तो कागद लिहिला कुणी? बहुतेक वेळा संगीतकाराने नव्हे. अनेक संगीतकारांना ती स्वरलिपी येत नव्हती. लिहिला तो चिकसारख्या, सेबॅस्टियनसारख्या माणसांनी. मी असं म्हणत नाही की चाल त्यांची होती. चितळकरांची चाल चितळकरांचीच, त्यात वाद नाही. पण कायद्याने ज्या वस्तूला संगीत म्हटलं ती वस्तू ज्या हाताने तयार झाली, त्या हाताला त्याच कायद्यात जागा नव्हती. दिवसाची बिदागी घेतली की विषय संपला. रेकॉर्डच्या लेबलावर सिनेमा, गायक, संगीतकार. वादकाचं नाव नाही. आणि ते कागद? ध्वनिमुद्रण संपलं की त्यांचं काम संपायचं, बहुतेक रद्दीत गेले. १९९४मध्ये दुरुस्ती झाली, लिहून काढण्याची अट गेली, कलावंताचे हक्क म्हणून एक नवं कलम आलं. त्यातही मेख होतीच : सिनेमासाठी एकदा संमती दिली की हक्क संपला. २०१२ला त्यात आणखी सुधारणा झाली. चिकला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.

कुणी म्हणेल, यात काय नवीन? अजिंठ्याच्या चित्रकाराचं नाव तरी कुठे माहीत आहे? हा युक्तिवाद मला मान्य नाही. अजिंठ्यात कुणाचंच नाव राहिलं नाही, ती सगळ्यांची सारखी अनामिकता होती. इथे काही नावं मोठ्या अक्षरांत आहेत आणि काही गाळलेली आहेत. गाळलेली कुणाची, याला एक पद्धत आहे. ती भाषेवरून ठरते, धर्मावरून, कागद वाचता येणं ही कारागिरी आणि चाल सुचणं ही प्रतिभा, अशा आपल्या जुन्या उतरंडीवरून ठरते. जातिव्यवस्थेत वाढलेल्या समाजाला हाताच्या कामाची किंमत कमी वाटते, ते स्टुडिओतही गेलं नाही. अलीकडे नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर आणि ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने सिनेमातल्या वादकांवर इंग्रजीत पुस्तकं लिहिली, म्हणून ही नावं आज आपल्यापर्यंत येतात. मराठीत सी. रामचंद्रांवर आपण भरभरून बोलतो, भगवानदादांवर २०१६मध्ये ‘एक अलबेला’ नावाचा चित्रपटही निघाला. या ट्रंपेटवाल्यावर मराठीत एक स्वतंत्र पुस्तक असायला काय हरकत आहे? इथे तरुण मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. गोव्याची बस पकडा, म्हाताऱ्या वादकांकडे बसा. जे आहेत ते फार दिवस असणार नाहीत.

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आताच देतो, कारण तो चिठ्ठीवर आलाय : ‘या सगळ्याचा कोकणाशी काय संबंध?’ सरळ आहे. १९५२नंतर केसकरसाहेबांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला दार बंद केलं तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ही गाणी गावोगाव गेली. तिथून ती लग्नाच्या बँडने उचलली. पुढे आपल्या रायगडातल्या बेंजो पार्ट्यांनी उचलली. खालू बाजावर नाचणारे पाय त्याच ठेक्याला सरावले. गणपतीच्या मिरवणुकीत खांदे हलवत, हात कमरेजवळ ठेवून नाचणारा प्रत्येक माणूस भगवानदादांची नक्कल करतो, आणि भगवानदादा ज्या सुरावर नाचले त्यात हा ट्रंपेट होता. आर्मस्ट्राँगपासून चिक, चिकपासून बँडवाला, बँडवाल्यापासून तुमच्या वाडीतला पोरगा. यात कोण अस्सल आणि कोण नकली हे मला कुणी ठरवून दाखवावं.

पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या जरा बाजूला घ्या, पडदा दिसू दे. ‘दीवाना ये परवाना’ लावतोय. गीता बालींकडे आणि भगवानदादांकडे तुम्ही आजवर पुष्कळ वेळा पाहिलंय. आज त्यांच्या मागे बघा. झालरीच्या बाह्या, हातात ट्रंपेट, गाल फुगलेले. तो चिक.